भातकुलीचं गवत कोणाच्या हिशेबात?

भातकुली अमरावतीहून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. तालुक्याचं गाव असूनही बरीच वर्षं त्याचं तहसील कार्यालय अमरावती शहरातच होतं. पूर्णेकाठच्या शेतकऱ्याला साध्या दाखल्यासाठी तालुक्याची हद्द ओलांडून जावं लागे. एखादा मुलूख 'स्थापन' होतो म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न म्हणूनच इथे विचारावासा वाटतो. उत्तर कचेरीपेक्षा गुरांच्या चराईत जास्त सापडतं.

स्थापनेची सर्वांत जुनी कथा रुक्मीची. रुक्मिणीला घेऊन निघालेल्या कृष्णाचा त्याने पाठलाग केला आणि तो हरला. कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात परतणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती. म्हणून त्याने दुसरीकडे भोजकट नावाचं नगर वसवलं. हे भोजकट म्हणजेच भातकुली, असं परंपरा सांगते. वा. वि. मिराशींनीही भोजकटाची ओळख भातकुलीशीच जोडली आहे.

कथेहून ठोस पुरावा ताम्रपटात आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने भोजकट राज्यातलं चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं. हे गाव म्हणजे अचलपूरजवळचं चम्मक. दानपत्रातली सवलतींची यादी वाचण्यासारखी आहे. या गावाने गाई-बैल पुरवायचे नाहीत, दूध आणि फुलं द्यायची नाहीत. चारा, कातडी आणि कोळसा यांचा भार त्याच्यावर नाही, मीठ खणण्याचीही सक्ती नाही. एका गावाला माफ केलेली ही यादी बाकीच्या गावांकडून राजसत्ता काय वसूल करत असेल, तेच सांगते. सत्ता गावापर्यंत पोहोचत होती ती गोठ्यातून आणि कुरणातून.

मिठाचा उल्लेखही उगाच नाही. भातकुलीचा बराचसा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी खारं, प्यायला नको आणि ओलितालाही नको. पूर्णेच्या खोऱ्यात पूर्वी अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत. इंग्रजी अमलात ते थांबलं. अशा मुलखात पिकाची सगळी भिस्त पावसावर. पाऊस चुकला, तर ढोरं हाच घराचा आधार.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली. शेतांना नंबर पडले, धुऱ्यावर दगड रोवले गेले. त्याच सुमाराला अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पूर्वी हा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरला जाई. १८६७ साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली आणि तांड्यांची वाहतूक मोडली. युद्ध संपल्यावर टेक्सासच्या गवताळ मैदानांत गुरांचे प्रचंड कळप हाकले जाऊ लागले; इथे मात्र गवताची जमीन कापसाखाली जात होती.

मोजणीदारांच्या लेखी लागवडीची जमीन म्हणजे उत्पन्न. चराईची जमीन म्हणजे उरलेली. ती सरकारी वर्गवारीत गेली. आजही वऱ्हाडात गावाच्या गुरचरणाला कोणी 'गायरान' म्हणत नाही, 'ई-क्लास' म्हणतात. इंग्रजी अक्षराचं हे नाव निरक्षर गायक्याच्याही तोंडी बसलेलं आहे. ज्या जमिनीवर गावाचं गोहन चरायचं, तिची ओळख एका रकान्यापुरती उरली.

१९०५ साली एलिचपूर जिल्हा अमरावतीत मिसळला, तेव्हा अमरावती, चांदूर, मोर्शी, एलिचपूर, दर्यापूर आणि मेळघाट असे सहा तालुके होते. त्यांत भातकुली नव्हती. आज जिल्ह्यात १४ तालुके आहेत. भातकुलीचा तालुका झाला तो स्वातंत्र्यानंतरच्या फेररचनेत. राज्यकारभार लोकांच्या जवळ यावा, हा तिचा हेतू. पण त्याच काळात ई-क्लास आक्रसत गेला. कुठे अतिक्रमणं झाली, कुठे सरकारी इमारती उभ्या राहिल्या, कुठे भूमिहीनांनी पोटासाठी जमीन वाहिली. ज्वारी कमी झाली तसा कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटारावर बैल किती दिवस काढणार?

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. आदेश योग्य होता, पण तो राबवताना गाय आणि भूमिहीन माणूस समोरासमोर उभे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या जमीन न मिळालेल्या माणसाला आक्रमक ठरवणं सोपं आहे. त्याला पर्याय देणं तालुक्याच्या कचेरीला जमलेलं नाही.

तालुक्याचा नकाशा आता मोबाईलवर दिसतो, गट नंबर टाकला की सातबारा उघडतो. त्यात पिकाची नोंद असते, कर्जाचा बोजा असतो. गावात ढोरं किती आणि ती उद्या चरणार कुठे, हे त्यात नसतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटात निदान चाऱ्याला आणि दुधाला नाव होतं. भातकुलीच्या ग्रामसभांनी आपल्या ई-क्लासचा हिशेब स्वतः मांडायला घेतला, तर तालुका खऱ्या अर्थाने तिथे स्थापन होईल.