कॉलऱ्यालाही बंद न करता आलेले दार

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सीमेवरच्या बनगावात येऊन थडकले आणि त्यांच्यात कॉलरा पसरला. रुग्णालयाच्या फरशीवरही रुग्ण होते. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले.

ज्या आतड्यातून लिटरच्या लिटर पाणी वाहून जात आहे, त्याच आतड्यात आणखी पाणी का ओतायचे? शंका रास्त होती. कॉलऱ्यात आतड्याचे अस्तरच गळून पडते, असा समज दीर्घकाळ होता. १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरीही त्यात पाणी साचले. अपराधी जंतूंनी सोडलेले विष होते. पुढे त्याची रीत कळली : ते पेशीतील क्लोराइडचे मार्ग उघडे ठेवते, मागोमाग सोडियम आणि पाणी बाहेर पडते. अस्तर मात्र शाबूत राहते.

त्याच अस्तरात दुसरे एक दार असते. १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज सोडियमच्या जोडीने शिरते. सोडियम पंप पेशीतले सोडियम सतत बाहेर फेकतो. त्यामुळे बाहेरच्या सोडियमला आत येण्याची ओढ असते. उताराचे पाणी जाते फिरवते, तशी ही ओढ ग्लुकोजला आत खेचते. दोन सोडियममागे एक ग्लुकोज, आणि परासरणाने त्यांच्या मागे पाणी. विषाचा या वाहकावर परिणाम होत नाही. नुसते मीठ-पाणी येथे अपुरे पडते. साखर ही केवळ शक्तीसाठी नव्हे, दार उघडण्यासाठी हवी.

हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजल्याचा वृत्तांत दिला होता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, कारणमीमांसा अजून हाती यायची होती. तो दुर्लक्षित राहिला. १९६८ मध्ये ढाक्यात नॅलिन आणि कॅश यांनी नियंत्रित चाचणीतून हा उपाय सिद्ध केला. तरीही प्रशिक्षित हातांवाचून तो चालेल का, हा प्रश्न उरला होता.

बनगावने त्याचे उत्तर दिले. इतरत्र निर्वासितांमधील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेले असता, येथे उपचार घेतलेल्या सुमारे ३,७०० रुग्णांत ते ३.६ टक्के राहिले. घाईगर्दीत तुलनेचा गट नव्हताच. पण एवढी तफावत योगायोगाने पडत नाही. महालनबीस यांना २०२३ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले, ते मरणोत्तर.

२००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जलसंजीवनीतील साखर आणि मीठ दोन्ही कमी केले. न शोषलेली जादा साखर आतड्यातच राहून पाणी उलट बाहेर ओढते. चवीसाठी पुडीत वरून घातलेला साखरेचा चमचा तेच करतो.