‘मॉडर्न वॉरफेअर’ : एका युद्धखेळाची बलस्थाने आणि मर्यादा

‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ हा युद्धावर आधारित व्हिडिओ गेम नोव्हेंबर २००७ मध्ये प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६० आणि संगणकासाठी बाजारात आला. अमेरिकेतील इन्फिनिटी वॉर्ड या संस्थेने त्याची निर्मिती केली, तर ॲक्टिव्हिजन कंपनीने तो प्रकाशित केला. २००३ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे आधीचे तीन क्रमांकित भाग दुसऱ्या महायुद्धावर बेतलेले होते. चौथ्या भागाने मात्र समकालीन युद्धाचा विषय निवडला. कन्सोलवरील युद्धखेळांना नवे वळण देणाऱ्या या खेळाचे गुण आणि दोष आजही अभ्यासण्याजोगे आहेत.

कथानक

हा ‘फर्स्ट पर्सन शूटर’ प्रकारातील खेळ आहे. म्हणजेच खेळाडू सैनिकाच्या डोळ्यांनी रणांगण पाहतो. खेळाडूला प्रामुख्याने दोन भूमिका मिळतात. एक ब्रिटिश विशेष दलातील ‘सोप’ मॅकटॅविश याची, तर दुसरी अमेरिकी मरीन दलातील सार्जंट पॉल जॅक्सन याची. मध्यपूर्वेतील एका अनामिक देशात खालिद अल-असद सत्ता बळकावतो आणि त्यामागे रशियातील अतिराष्ट्रवादी नेता इम्रान झाखाएव याचा हात असतो, असे हे काल्पनिक कथानक आहे.

बलस्थाने

या खेळाचे पहिले बलस्थान म्हणजे त्याची गती. कन्सोलवर दर सेकंदाला साठ चित्रे हे प्रमाण राखण्याचा निर्मात्यांचा आग्रह होता. त्यामुळे कळ दाबणे आणि पडद्यावर त्याचा परिणाम दिसणे यांत अंतर जाणवत नाही. माऊसच्या तुलनेत कंट्रोलरने नेम धरणे कठीण असते. ही अडचण ओळखून कथानकाच्या भागात, बंदूक डोळ्याशी नेताच जवळच्या शत्रूवर नेम स्थिरावण्यास मदत मिळते. पातळ भिंती आणि लाकडी आडोसे भेदून गोळी पलीकडे जात असल्याने लपण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी लागते.

दुसरे बलस्थान कथनपद्धतीत आहे. आरंभीच पदच्युत राष्ट्राध्यक्ष अल-फुलानी यांना मोटारीतून वधस्थानी नेले जाते आणि तो प्रवास खेळाडूला त्यांच्याच नजरेने पाहावा लागतो. मान वळवण्यापलीकडे त्याच्या हाती काहीही नसते. पुढे अणुस्फोटात जॅक्सनचे हेलिकॉप्टर कोसळते. खेळाडू अवशेषांतून सरपटत बाहेर येतो, आकाशातील धुराचा छत्राकार लोट पाहतो आणि तेथेच प्राण सोडतो. या प्रसंगात जिंकण्यासारखे काहीच नाही. युद्धखेळातील नायक अखेरपर्यंत जिवंत राहतो, या गृहीतकालाच येथे धक्का बसतो.

युक्रेनमधील प्रिप्यात शहरात घडणारा भाग या खेळाचा उत्कर्षबिंदू मानला जातो. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर हे शहर ओस पडले. तेथील गवतात निश्चल पडून राहून शत्रूची तुकडी अगदी जवळून जाऊ द्यायची, अशी ही मोहीम आहे. गोळी झाडण्यापेक्षा न झाडण्यातील ताण येथे अधिक प्रभावी ठरतो.

तिसरे बलस्थान म्हणजे ऑनलाइन सामने. कामगिरीनुसार मिळणारे ५५ स्तर, त्यानुसार उपलब्ध होणारी शस्त्रे आणि प्रत्येकाने आपल्या पसंतीने रचलेली सैनिकाची सज्जता, ही रचना लोकप्रिय झाली. पुढील काळात अनेक खेळांनी तिचे अनुकरण केले.

मर्यादा

कथानकाचा भाग साधारण सहा ते आठ तासांत संपतो आणि तो मित्रासोबत मिळून खेळण्याची सोय नाही. मार्ग ठरलेला असल्याने स्वतःची युक्ती योजण्यास फारसा वाव राहत नाही. अनेक ठिकाणी खेळाडू ठरावीक रेषा ओलांडून पुढे जात नाही तोवर शत्रूचे सैनिक पुन्हा पुन्हा प्रकट होत राहतात. सावधपणे लढणाऱ्याचा दारूगोळा संपतो आणि बेधडक धावणारा पुढे जातो. कठीण पातळीवर हा दोष विशेष खटकतो.

ऑनलाइन सामन्यांतही उणिवा होत्या. लागोपाठ तीन, पाच आणि सात बळी घेणाऱ्यास अनुक्रमे टेहळणी विमान, हवाई हल्ला आणि हेलिकॉप्टर मिळते. परिणामी आघाडीवरील खेळाडूचेच पारडे जड होत जाते. मरताना हातबॉम्ब सोडण्याची सवलत अनेकांना अन्यायकारक वाटली. कन्सोलवर सहभागींपैकी एकाचेच यंत्र सामन्याचे यजमान असे. तो बाहेर पडताच सामना संपुष्टात येई.

सर्वांत गंभीर मर्यादा आशयाची आहे. ज्या देशात युद्ध चालते त्याला नाव नाही. सत्तापालटाच्या आरंभीच्या दृश्यात तेथील नागरिक दिसतात; परंतु मरीन सैनिक शहरात उतरल्यावर रस्ते, घरे, दुकाने जवळजवळ निर्मनुष्य भासतात. अणुस्फोटात जॅक्सन आणि त्याचे सहकारी मृत्युमुखी पडल्याचे दुःख खेळाडूपर्यंत पोहोचते. त्याच स्फोटात नष्ट झालेल्या शहरवासीयांची मात्र ओळखच करून दिलेली नाही.

विमानातून तोफा डागण्याच्या प्रसंगात हा विरोधाभास अधिक तीव्र होतो. कृष्णधवल पडद्यावर माणसे केवळ पांढऱ्या आकृत्या म्हणून दिसतात आणि चालकदलाचे शांत संभाषण कानी पडते. दूरवरून होणाऱ्या संहारातील अलिप्तता हे दृश्य नेमकी टिपते. मात्र त्या मोहिमेनंतर खेळ थांबून विचार करीत नाही. पुढचे लक्ष्य लगेच समोर येते.

निष्कर्ष

रेव्हन सॉफ्टवेअरने नव्याने घडवलेली या खेळाची आवृत्ती २०१६ मध्ये आली. चित्रे अधिक सुस्पष्ट झाली, तरी मूळ रचना कायम राहिली. अमेरिकेतील मानांकनानुसार हा खेळ १७ वर्षे व त्यावरील वयोगटासाठी आहे.

या खेळाचे गुण आणि दोष एकाच मुळातून आले आहेत. खेळाडूने काय पाहावे, हे निर्माते काटेकोरपणे ठरवतात. म्हणूनच जॅक्सनचे अखेरचे क्षण विसरता येत नाहीत आणि त्याच कारणाने त्या शहरातील माणसे खेळाडूच्या नजरेस पडत नाहीत. सैनिकाचा मृत्यू जवळून दाखवणाऱ्या या खेळात युद्धाची पूर्ण किंमत मात्र दिसत नाही.