जुहापुरा कसं वाढलं: घर नाकारण्याचा इतिहास

अहमदाबादच्या पश्चिमेकडचं जुहापुरा आज गुजरातमधली सर्वांत मोठी मुस्लिम वस्ती समजली जाते. सुरुवात मात्र मिश्र होती. १९७३ च्या साबरमतीच्या पुरात बेघर झालेल्या हिंदू-मुस्लिम झोपडीवासीयांना इथल्या संकलितनगरात वसवलं गेलं. १९८५, १९९२ आणि २००२ च्या दंगलींनंतर हिंदू कुटुंबं निघून गेली, शहरातले मुस्लिम इथे आले.

दंगलीची भीती हे एक कारण. दुसरं म्हणजे, इतरत्र घरच मिळत नाही. अनेक सोसायट्या नाव ऐकूनच नकार देतात. म्हणून ऐपत असलेले डॉक्टर, वकीलही इथेच राहतात.

कायद्याचाही यात वाटा आहे. १९९१ च्या ‘अशांत धारा’ कायद्यानुसार घोषित भागात मालमत्ता विकायला कलेक्टरची परवानगी लागते. हेतू होता घाबरून कवडीमोलाने होणारी विक्री रोखण्याचा; पण त्यामुळे दुसऱ्या धर्माच्या माणसाला घर घेणं अवघड झालं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पारशी सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणं वैध ठरवलं.

अशांत धारा वडोदऱ्याच्याही काही भागांत लागू आहे. परवानगीविना झालेला व्यवहार रद्दबातल ठरतो. तेव्हा तिथे घर घेणाऱ्यांनी बयाणा देण्याआधी चौकशी करावी.