पहिल्या नंबरवरचं भकास गाव

शनिवार, २० जून १९८१. तुम्ही इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या प्रिसिंक्टमध्ये उभे आहात. जर्मन बाँबहल्ल्यात शहर बेचिराख झाल्यावर नव्याने उभी राहिलेली ही बाजारपेठ. तेव्हा मोटार कारखान्यांमुळे गावात पैसा खेळत होता. आता भरदुपारी पोरं खिशात हात घालून भिंतीला टेकलीत. कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यात मोटारी बनणं गेल्याच वर्षी थांबलं.

रेकॉर्डच्या दुकानात शिरा. काउंटरवर द स्पेशल्सची नवी तबकडी आहे, ‘घोस्ट टाउन’. बँड इथलाच, काळे-गोरे एकत्र. गाणं लिहिलंय कीबोर्ड वाजवणाऱ्या जेरी डॅमर्सने. बँडबरोबर देशभर फिरताना ग्लासगोत त्याला म्हाताऱ्या बाया रस्त्यावर घरातल्या कपबशा मांडून विकताना दिसल्या होत्या.

दुकानदार सुई टेकवतो. घोंघावता वारा, मग ऑर्गन, संथ रेगेचा ठेका, रिको रॉड्रिग्जचा ट्रॉम्बोन, आणि मध्येच नुसते विव्हळणारे आवाज. शब्द अगदी मोजके. नाचायच्या जागा बंद, हाताला काम नाही, पोरं आपसांत भिडतायत. एकही घोषणा नाही! मोर्चात म्हणायला हे गाणं कुचकामी आहे, आणि तरी शंभर घोषणांपेक्षा ते मला जास्त खरं वाटतं.

तबकडी उलटवा. मागच्या बाजूचं ‘व्हाय?’ हे गिटारवादक लिनव्हल गोल्डिंगचं. लंडनमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी त्याला मारहाण केली, त्यानंतर लिहिलेलं. कारखाना बंद झाल्याचा राग मालकाच्या बंगल्यापर्यंत क्वचितच पोचतो, शेजारी मात्र हाताशी असतो. इथेच, शहराच्या मध्यभागी, एप्रिलमध्ये एका पंजाबी विद्यार्थ्याचा खून झाला. म्हणून तर आज बट्स स्टेडियमवर स्पेशल्स सलोख्यासाठी वाजवणार आहेत. नॅशनल फ्रंट या वर्णद्वेष्ट्या पक्षाने नेमका आजचाच मुहूर्त धरून मोर्चा जाहीर केलाय.

तीन आठवडे पुढे या. ११ जुलै. गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर, आणि लिव्हरपूलचं टॉक्सटेथ, मँचेस्टरचं मॉस साइड, बर्मिंगहॅमचं हँड्सवर्थ दंगलींनी पेटलेलं. गाण्याने भडका उडवला असं कुणी म्हणालंच, तर त्याला सांगा, लंडनचं ब्रिक्स्टन एप्रिलमध्येच जळलं होतं. देशात बेकार पंचवीस लाखांच्या वर गेलेत. जानेवारीत ते तीस लाख ओलांडतील. त्याच जानेवारीत, १८ तारखेला, आपल्या मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांचा संप सुरू होईल, पण आज लालबाग-परळचे भोंगे वाजतायत.

आता बीबीसीत, ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या ड्रेसिंग रूममध्ये डोकवा. देशातलं सर्वाधिक खपाचं गाणं गाणारे टेरी हॉल, नेव्हिल स्टेपल आणि गोल्डिंग बँड सोडत असल्याचं सांगतायत. गाण्यातली पडझड आमच्या बँडचीही होती, असं डॅमर्स पुढे सांगणार आहे. हे तिघं मात्र वर्ष संपायच्या आत ‘फन बॉय थ्री’ या नावाने नवं गाणं घेऊन बाजारात येतील.