डावा हात आणि मातीचा कप

जेवताना डावा हात पुढे केला की पोराला टपली बसते. कारंजा (घाडगे) तालुक्यात हे आजही चालते आणि आपल्या वस्त्याही त्याला अपवाद नाहीत. "यात जातीचा काय संबंध?" असे आम्हाला विचारले जाते. संबंध आहे.

डावा हात अशुद्ध का? तर शौचाचे काम त्याच्याकडे दिले म्हणून. आधी घाण काम लादायचे, मग त्याच कामावरून अपवित्र ठरवायचे आणि शेवटी पंगतीतून, पूजेतून बाहेर काढायचे. अस्पृश्यतेची रीत याहून वेगळी होती काय? भेदभाव करण्याला मराठीत 'डावे-उजवे करणे' म्हणतात, ते उगाच नाही.

महाभारतात दोन्ही हातांनी बाण मारणारा अर्जुन 'सव्यसाची' म्हणून गौरवला जातो आणि एकलव्याचा मात्र उजवा अंगठाच दक्षिणेत मागितला जातो. म्हणजे हात कोणता, यापेक्षा तो कोणाचा, हा प्रश्न मोठा.

ही झाली कथा. आता इतिहास पाहू. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची गरज पडली. त्यांच्या डाव्या हातातून सुटलेला चेंडू संघाला चालला. पण चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या कपात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही मोठ्या झगड्यानंतर.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. म्हणून आपल्यातले काहीजण त्यांचे नाव टाळतात. आम्हाला हे मान्य नाही. त्यांचे राजकारण चुकले असे आम्ही म्हणू, पण तो मातीचा कप आपल्या इतिहासातून वगळणार नाही. कौशल्य घ्यायचे आणि माणूस नाकारायचा, ही व्यवस्थेची खरी चाल त्या कपात दिसते.

ती चाल संपलेली नाही. आमच्या शिवारात कापूस वेचणारी बाई दोन्ही हातांनी बोंडे रिकामी करते. मजुरी किलोवर असते, तेव्हा मालकाला तिचा डावा हात चालतो. त्याच मालकाच्या दारी प्रसाद घेताना मात्र उजवाच हात पुढे हवा!

१९५६ साली आपण दीक्षाभूमीवर शुद्ध-अशुद्धाचे ओझे टाकून दिले. मग पोराच्या डाव्या हातावर ते पुन्हा का लादायचे? त्याच हातात पेन द्या, त्याच हाताने त्याला जेवू द्या. कोणी हटकले तर कारण विचारा. ते कारण ऐकले की मनुवाद आपल्याच स्वयंपाकघरात कुठे दडून बसला आहे, ते कळेल.

जय भीम!