मान्सून्ड मलबार: पावसाने घडवलेली चव

एकोणिसाव्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावरून युरोपला निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालत शिडाच्या जहाजांतून कित्येक महिने प्रवास करी, आणि जहाजाच्या तळातील दमट हवेने तिचे हिरवट दाणे फुगून पिवळट पडत, शिवाय त्यांची आम्लता, म्हणजे जिभेला जाणवणारा आंबूस तीक्ष्णपणा, बरीच ओसरे. वास्तविक हे मालाचे बिघडणेच होते. परंतु स्कँडिनेव्हियातील ग्राहकांना तीच चव रुचली. पुढे वाफेची जहाजे आली, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आखडला आणि ती चव हरवली, तेव्हा निर्यातदारांनी समुद्राचे काम किनाऱ्यावरच्या मोसमी वाऱ्यांकडून करून घेण्याची रीत बसवली.

या रीतीत ‘चेरी’ कॉफी, म्हणजे सालीसकट वाळवलेल्या फळांतून काढलेले दाणे, मंगळुरूसारख्या ठिकाणच्या उघड्या बाजूंच्या गोदामांत जून ते सप्टेंबर पातळ थरांत पसरतात, वरचेवर उलथतात, मग सैल पोत्यांत भरून रांगांमधून वारा खेळता ठेवतात. दाणे जवळजवळ दुपटीने फुगतात. बुरशीची धास्ती मात्र अखेरपर्यंत राहते.

आंबट कॉफी न सोसणाऱ्यांना मान्सून्ड मलबारचा सौम्य, मातकट पेला मानवतो, असे पुष्कळदा सांगितले जाते आणि ते समजण्याजोगे आहे. तथापि आम्लता घटली म्हणून कॅफिन, म्हणजे झोप उडवणारे द्रव्य, नाहीसे होत नाही, आणि निद्रानाश असलेल्याने रोबस्टा जातीपेक्षा साधारण निम्मे कॅफिन असलेली अरेबिका निवडणे अधिक सयुक्तिक ठरते.