अणुकेंद्रातील ग्लुऑन (फोटॉनजन्य कणनिर्मितीद्वारे अभ्यास)

क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन कणांची अणुकेंद्रात किती दाटी आहे, हे फोटॉनमुळे निर्माण होणाऱ्या जड कणांवरून ठरविण्याची पद्धत. वेगवान प्रोटॉनच्या संवेगातला जवळपास निम्मा वाटा ग्लुऑनांचा असतो; पण त्यांना विद्युत् भार नाही, त्यामुळे फोटॉनला ते थेट दिसत नाहीत. सुरुवातीला ग्लुऑनचा पुरावा आडूनच मिळत होता. त्याची ठसठशीत खूण हॅम्बर्गच्या पेट्रा यंत्रावर १९७९ मध्ये सापडली.

फोटॉनची वाट आडवळणाची आहे. उच्च ऊर्जेचा फोटॉन अणुकेंद्रापाशी पोहोचण्याआधीच क्षणभर क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीचे रूप घेतो. ही जोडी ग्लुऑनांशी देवाणघेवाण करते आणि पलीकडे जे/साय किंवा अप्सिलॉन हा जड कण होऊन निघते. अणुकेंद्र शाबूत राहायचे तर निदान दोन ग्लुऑन लागतात. म्हणून ही निर्मिती ग्लुऑन घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात होते, असे मिखाईल रिस्किन यांनी १९९३ मध्ये दाखविले. घनता ४० टक्क्यांनी घटली, तर निर्मिती ६४ टक्क्यांनी घटते. पद्धतीचे सारे बळ या वर्गात आहे.

फोटॉनसाठी वेगळा झोत लागत नाही. वेगवान भारित कणाभोवतीचे क्षेत्र फोटॉनांच्या थव्यासारखे वागते, ही एन्रिको फेर्मी यांची १९२४ मधली कल्पना. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन. त्यामुळे फोटॉन एका प्रोटॉनच्या तुलनेत सुमारे ६,७२४ पट. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये अशी दोन अणुकेंद्रे एकमेकांना न शिवता जवळून गेली, की एकाचा फोटॉन दुसऱ्यावर आदळतो. समोरासमोरच्या टकरीत डिटेक्टर हजारो मार्गरेषांनी भरून जातो. इथे तो जवळजवळ रिकामा असतो आणि त्यात फक्त जे/सायच्या विघटनातून आलेले दोन म्युऑन. त्यांचे एकत्रित वस्तुमान ३.१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट भरले आणि आडवा संवेग अगदी थोडा निघाला, तर अख्ख्या अणुकेंद्राने एकदिलाने प्रतिसाद दिला असे समजतात.

खरी पंचाईत वेगळीच : फोटॉन दोहोंपैकी कोणी सोडला? त्यावर त्याची ऊर्जा अवलंबून असते. तोडगा न्यूट्रॉनांनी दिला. अणुकेंद्रे जितकी जवळून जातात, तितके ती डिवचली जाऊन न्यूट्रॉन सोडण्याचा संभव वाढतो; हे न्यूट्रॉन दोन्ही बाजूंना शंभर मीटरहून दूर ठेवलेली उपकरणे टिपतात. याच कोलायडरवरील ॲलिस व सीएमएस या प्रयोगांनी २०२३ मध्ये या आधारे दोन्ही शक्यता वेगळ्या केल्या आणि संवेगाचा सुमारे एक लक्षांश वाटा असलेल्या ग्लुऑनांपर्यंत मजल मारली. शिशातील निर्मिती सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांवरून केलेल्या अंदाजापेक्षा बरीच कमी भरली. ही नुसती ‘छाया’ (केंद्रातल्या कणांनी एकमेकांना झाकल्याने आलेली घट), की ग्लुऑन संपृक्ततेला (आणखी वाढ थांबेल इतक्या दाटीला) पोहोचले, याचा निकाल लागलेला नाही. शिवाय पुढच्या पायरीचे गणित मांडले, की क्वार्कांचा वाटाही डोके वर काढतो. एकाच आकड्यावरून ग्लुऑन मोजल्याचा दावा त्यामुळे जपूनच वाचावा.

फोटॉन हे साधनही निर्भेळ नाही. भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) मुंबई विद्यापीठात शिकवीत असताना त्यांनी मानुएल ड्रेस यांच्यासह दाखविले, की फोटॉनच्या पोटात असलेल्या क्वार्क व ग्लुऑनांचा भाग उच्च ऊर्जेला जेटांच्या (एकाच दिशेने निघालेल्या कणांच्या झोतांच्या) निर्मितीत मोठा होतो. हॅम्बर्गच्या हेरा यंत्रावर नव्वदच्या दशकात त्याला दुजोरा मिळाला. पुढे २०१२ मध्ये गोडबोले, मुंबई विद्यापीठाच्या अनुराधा मिश्रा, आयआयटी मुंबईच्या अस्मिता मुखर्जी आणि वैभव रावूत यांनी ध्रुवित (फिरकी एका दिशेला रोखलेल्या) प्रोटॉनवरील जे/साय निर्मितीतून ग्लुऑनांच्या आडव्या हालचालीचा ठाव घेता येईल, असे सुचविले. सीएमएसमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था व भाभा अणुसंशोधन केंद्र, तर ॲलिसमध्ये आयआयटी मुंबई सहभागी आहे. न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन येथे नियोजित असलेल्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरमध्ये फोटॉन इलेक्ट्रॉनकडूनच येणार, त्यामुळे तो कोणी सोडला हा प्रश्न तिथे उद्भवणार नाही.